सलाईन लावलेला हात



या सदरात आपण एरवी रोजच्या वापरातल्या वस्तू आतून कशा चालतात ते बघतो. या महिन्याची वस्तू अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची आहे, दिसायला क्षुल्लक आहे, आणि आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या हाताला ती कधीतरी लागलेली आहे. सलाईनची नळी. कुणी तिला कॅन्युला म्हणतं, कुणी इंट्राकॅथ, कुणी व्हेनफ्लॉन, तर कुणी विगो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना कधी ना कधी अशी नळी घालावी लागते. डेंग्यू, मूतखडा, बाळंतपण, गुडघ्याचं ऑपरेशन, कारण कोणतंही असो, पहिलं काम तेच.

या नळीमुळे वारंवार होणारा त्रास म्हणजे शिरेचा दाह. डॉक्टर त्याला फ्लेबायटिस म्हणतात. शिरेत रक्ताची गुठळीही धरली असेल, तर थ्रॉम्बोफ्लेबायटिस. आपण घरी सरळ म्हणतो, ‘सलाईनचा हात सुजलाय.’

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. कोणतं औषध द्यायचं हे सांगणं माझं काम नाही. पण रुग्णाच्या उशाशी रात्रभर खुर्चीत बसणारा माणूस हा आपल्याच घरातला असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या वयाचा असतो. त्याला काय बघायचं हे ठाऊक असेल, तर बराच त्रास वेळेत थांबतो. म्हणून हा विषय.

हातात सुई नसतेच

सर्वात आधी एक गैरसमज. नळी बसवताना आत धातूची सुई असते, पण शीर सापडली की ती बाहेर काढून टाकतात. हातात राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा यांनी सुईवर चढवलेली अशी प्लॅस्टिकची नळी पुढे आणली. त्याआधी धातूची सुईच हातात ठेवावी लागे आणि हात फळीला बांधावा लागे. त्यामुळे ‘सुई आहे, हात हलवू नका’ असं आजही कुणी आजीला दटावत असेल, तर ते तितकंसं खरं नाही. बोटं हलवावीत, मूठ उघडमीट करावी. मनगट किंवा कोपर यांच्यावरच नळी असेल, तर मात्र तो सांधा जपायला हवा.

नळीच्या मागच्या टोकाचा रंग तिची जाडी सांगतो. हिरवी १८ नंबरची, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. नंबर वाढतो तशी नळी बारीक होते. नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतं, म्हणजे त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळापट. हे वाचून कुणालाही वाटेल की जाड नळीच घालावी. पण निळ्या नळीतूनसुद्धा मिनिटाला ३० मिलिलीटरपेक्षा जास्त द्रव जाऊ शकतो. या हिशेबाने अर्ध्या लिटरची बाटली पंधरा-सतरा मिनिटांत संपेल. प्रत्यक्षात आपण ती चार-सहा तास चालवतो. मोठं ऑपरेशन, अपघात, जोरात रक्तस्राव अशा वेळी जाड नळी लागते. एरवी काम भागेल इतकी बारीक नळी शिरेला जास्त मानवते, कारण नळीच्या भोवतीनं रक्त वाहत राहतं आणि येणारं औषध लगेच पातळ होतं.

शीर का चिडते?

शिरेच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वात आतला थर एका पेशीच्या जाडीचा, गुळगुळीत, रक्ताला चिकटू न देणारा. या अस्तराला इजा झाली की शरीर आपली नेहमीची दुरुस्ती सुरू करतं. रक्तातल्या बिंबिका तिथं चिकटतात, पांढऱ्या पेशी येतात, आजूबाजूच्या केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो. बाहेरून आपल्याला दिसतात लाली, सूज, उष्णता आणि वेदना. दाहाची ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली, ती आजही तशीच शिकवतात.

अस्तर दुखावण्याची कारणं तीन प्रकारची.

पहिलं कारण यांत्रिक. शिरेच्या मानानं नळी जाड आहे, सांध्यावर घातली आहे, किंवा चिकटपट्टी सैल झाल्यामुळे ती आतल्या आत पुढेमागे सरकते आहे. दारात अडकलेली वायर जशी रोज थोडी थोडी घासली जाते, तसंच. म्हणून मनगट आणि कोपर सोडून कोपराखालचा सपाट भाग बरा मानतात. मोठ्या माणसांत पायावर नळी घालणं शक्यतो टाळतात.

दुसरं कारण रासायनिक. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, हे शाळेत शिकलोय. आता बघा: अपस्माराच्या झटक्यांसाठी देतात त्या फेनिटॉइनच्या इंजेक्शनचा सामू १२ च्या आसपास असतो. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक याच्या उलट, चांगलंच आम्लधर्मी. पोटॅशियम क्लोराइड, हृदयाचे ठोके सुधारणारं अमिओडॅरोन, कर्करोगावरची बरीच औषधं शिरेला झोंबतात. द्रावण किती घट्ट आहे यालाही महत्त्व आहे. रक्तद्रवाची तीव्रता लिटरला साधारण २९० मिलीऑस्मोल असते. साधं ‘नॉर्मल सलाईन’ ३०८, म्हणजे जवळपास तेवढंच. २५ टक्क्यांचं ग्लुकोज मात्र साडेबाराशेच्या पुढे जातं. हाताच्या शिरेतून सतत द्यायच्या द्रावणासाठी ९०० ही वरची मर्यादा धरली जाते. त्यापलीकडचं काही दिवसचे दिवस द्यायचं असेल, तर मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी घालतात, कारण तिथं रक्ताचा प्रवाह मोठा असतो.

यातून आपल्यासाठी एक नियम निघतो. बाटलीखालच्या नळीवर जे छोटं चाक असतं, त्याला हात लावायचा नाही. ‘लवकर संपवून टाकू, म्हणजे आजोबांना झोपता येईल’ या चांगल्या हेतूनं नातेवाईक ते फिरवतात. आत पोटॅशियम असेल, तर शिरेची आग ही त्यातली सर्वात छोटी अडचण. ते वेगानं गेलं तर हृदय थांबू शकतं.

तिसरं कारण जंतुसंसर्ग. नळी म्हणजे त्वचेची भिंत ओलांडून थेट रक्तात जाणारं दार. त्वचेवर नेहमी राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू या दारातून आत शिरतात. इतिहासातलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करताना याकोब कोलेचका या प्राध्यापकांना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागली आणि त्यातून पसरलेल्या संसर्गानं ते वारले. त्यांच्या हाताच्या शिरांना दाह झाला होता. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांना हा अहवाल वाचून लक्षात आलं की बाळंतिणींचा जीव घेणारा ताप आणि हा आजार एकच, आणि तो डॉक्टरांच्या हातांवरून जातो. तिथून त्यांनी हात धुण्याचा आग्रह धरला. आजही नळीला हात लावण्याआधी हात स्वच्छ करणं आणि प्रत्येक इंजेक्शनच्या आधी नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं चोळून वाळू देणं, हाच संसर्गावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. घाईगर्दीत, अपघात विभागात किंवा रुग्णवाहिकेत घातलेली नळी ४८ तासांच्या आत बदलावी असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची नियमावली सांगते, कारण तिथं स्वच्छतेची खात्री देता येत नाही.

घड्याळ की डोळे?

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या आवडीचा भाग. यंत्रांची देखभाल दोन पद्धतींनी होते. एक, वेळापत्रकानुसार: इतके किलोमीटर झाले की ऑइल बदला, चांगलं असलं तरी. दोन, स्थितीनुसार: सतत लक्ष ठेवा आणि बिघाडाची खूण दिसली की बदला.

सलाईनच्या नळीबाबत बरीच वर्षं पहिली पद्धत होती. ७२ ते ९६ तास झाले की नळी काढा, दुसरीकडे नवी घाला. २०१२ मध्ये क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ३,२८३ रुग्णांवर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. निम्म्या रुग्णांची नळी तिसऱ्या दिवशी बदलली, उरलेल्यांची केवळ गरज पडली तेव्हा. शिरेचा दाह दोन्ही गटांत सारखाच निघाला, सात टक्के. म्हणजे घड्याळाकडे बघून बदललेल्या नळ्यांनी दाह कमी झाला नाही, फक्त टोचणं वाढलं. अनेक देशांनी मग ‘गरजेप्रमाणे बदला’ हे धोरण घेतलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनीही नियमित बदल थांबवला आणि नंतर आकडे तपासले, तेव्हा नळीमुळे होणारे रक्तातले जंतुसंसर्ग वाढलेले दिसले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. असे संसर्ग एकंदरीत क्वचितच होतात, पण होतात तेव्हा जिवावर बेततात.

माझ्या मते दोन्ही अभ्यास एकच गोष्ट सांगतात. वेळापत्रक काढून टाकायचं असेल, तर नजर तितकीच पक्की हवी. आमच्याकडे सर्व्हरवरचा ठरलेला रीस्टार्ट बंद करायचा असेल, तर आधी मॉनिटरिंग नीट बसवावं लागतं, त्यातलंच हे. नळीची जागा किती वेळा बघावी याचेही संकेत आहेत: मोठ्या माणसांत निदान दर चार तासांनी, गुंगीत असलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत दर एक-दोन तासांनी, लहान मुलांत दर तासाला. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरकडे किती खाटा असतात ते आपण बघितलेलं आहे. चार तासांची ती नजर प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचेलच असं नाही. खाटेशेजारचा माणूस मात्र तिथंच असतो.

काय बघायचं?

अँड्र्यू जॅक्सन या ब्रिटिश परिचारकांनी १९९८ मध्ये एक सोपी गुणपद्धत मांडली. ती आज जगभर वापरतात. शून्य ते पाच गुण, आणि इथं जितके कमी तितके चांगले.

शून्य: जागा अगदी निरोगी. काही करायचं नाही, बघत राहायचं.

एक: नळीजवळ थोडं दुखतंय किंवा थोडी लाली आहे. ही पहिली खूण असू शकते. लक्ष ठेवायचं.

दोन: वेदना, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी आहेत. दाहाची सुरुवात. नळी काढून दुसरीकडे घालायची.

तीन: नळीच्या रेषेत वेदना, लाली, आणि भोवतालचा भाग घट्ट झालेला. नळी काढायची, उपचाराचा विचार करायचा.

चार: वरचं सगळं, शिवाय शीर बोटाला सुतळीसारखी कडक लागते.

पाच: वरचं सगळं आणि ताप. आता गंभीर. डॉक्टरांनी लगेच बघायला हवं.

या तक्त्याचं शहाणपण दोन गुणांच्या ओळीत आहे. ताप येण्याची, शीर कडक होण्याची वाट बघायची नाही. दोन खुणा जुळल्या की नळी बाहेर.

एक अडचण मात्र आहे. हे तक्ते गोऱ्या त्वचेवर तयार झाले. आपल्या सावळ्या किंवा काळ्या वर्णावर लाली सहज दिसत नाही, नुसता तो भाग जरा गडद वाटतो. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. आपल्या बोटांची मागची बाजू नळीच्या वरच्या भागावर टेकवा, मग दुसऱ्या हातावर त्याच जागी. एक बाजू गरम लागते का? घट्ट लागते का? दोन्ही मनगटं शेजारी ठेवून जाडी बघा. बांगडी, अंगठी, घड्याळ आधीच काढून ठेवा, सूज आली की ती निघत नाहीत.

दुसरी अडचण चिकटपट्टी. नळीवर पांढऱ्या पट्ट्यांचे इतके थर गुंडाळलेले असतात की आतली जागा दिसतच नाही. पारदर्शक पट्टी मिळते, ती मागता येते. तिच्यावर नळी घातल्याची तारीख आणि वेळ लिहायला सांगा. पट्टी ओली झाली, सुटली, आत रक्त दिसलं, तर सांगून बदलून घ्या.

आणि दाहासारखाच दिसणारा एक वेगळा प्रकार: नळी शिरेतून सटकते आणि सलाईन आजूबाजूच्या मांसात जातं. वॉर्डात त्याला ‘आऊट झाली’ म्हणतात. त्यात हात फुगतो, पण गार आणि ताणलेला लागतो, थेंब मंदावतात. दाहात हात गरम असतो आणि दुखणं शिरेच्या रेषेत वर चढतं. दोन्हीत सिस्टरला बोलवायचंच आहे, आणि औषध झोंबणारं असेल तर धावत जाऊन.

‘आग होतेय’ कसं सांगणार?

आता खास आपल्या लोकांचा प्रश्न. बडोदा, हैदराबाद, बेळगाव, इंदूर, कुठंही असो, आपल्या घरातली मोठी माणसं बाजारात, बँकेत तिथली भाषा उत्तम बोलतात. पण दुखणं ती मराठीतच सांगतात. आणि दुखण्यासाठी मराठीत शब्द तरी किती! चुरचुरतंय, झोंबतंय, आग होतेय, ठणकतंय, टोचतंय, कळ येतेय, जड झालंय, मुंग्या येतायत. हे शब्द डॉक्टरांसाठी माहिती असतात. औषध सुरू झाल्याबरोबर चुरचुर किंवा आग, तर बहुधा औषधाची झळ. थांबून थांबून ठणका आणि गरम, तर दाह. जड, ताणल्यासारखं, तर सलाईन बाहेर गेलेलं असू शकतं. मुंग्या, बधिरपणा, तर पट्टी फार आवळलेली किंवा नस दुखावलेली.

मध्यंतरी बडोद्यात एका नातेवाइकांसाठी रात्री थांबलो होतो. शेजारच्या खाटेवर आपलेच एक आजोबा होते. ते हात चोळत होते, म्हणून विचारलं, “आजोबा, दुखतंय का?”

“नाही रे बाळा, जराशी आग होतेय. नळी आहे म्हटल्यावर व्हायचीच. त्या पोरीला आत्ताच दोनदा उठवलंय, पुन्हा कुठं बोलवायचं?”

त्यांच्या मुलानं जाऊन सांगितलं, “थोडुं दुखे छे.” सिस्टर मान हलवून पुढच्या खाटेकडे गेली. तिचंही बरोबर होतं, थोडं दुखणं कुणाला नसतं? मग मी जाऊन ‘बळतरा थाय छे’ असं सांगितलं, त्या बाटलीपासूनच सुरू झालंय हेही सांगितलं. ती लगेच आली, थेंब थांबवले, जागा दाबून बघितली आणि दुसऱ्या हातावर नळी घातली. फरक फक्त एका शब्दाचा होता.

म्हणून हे शब्द फोनमध्ये ठेवा. आगीसाठी गुजरातीत ‘बळतरा’, हिंदीत ‘जलन’, तेलुगूत ‘मंट’, कन्नडमध्ये ‘उरि’. सुजेसाठी गुजरातीत ‘सोजो’, हिंदीत ‘सूजन’, तेलुगूत ‘वापु’, कन्नडमध्ये ‘ऊत’ किंवा ‘बावु’. वेदनेसाठी गुजरातीत ‘दुखावो’, हिंदीत ‘दर्द’, तेलुगूत ‘नोप्पि’, कन्नडमध्ये ‘नोवु’. सांगताना तीन गोष्टी जोडा: कुठं, कधीपासून, कोणती बाटली किंवा इंजेक्शन सुरू असताना. आणि आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की हे सांगणं म्हणजे तक्रार नाही, सिस्टरला त्याची मदतच होते.

आणखी एक सवय. सकाळ-संध्याकाळ नळीच्या जागेचा एक फोटो काढा, शक्यतो त्याच उजेडात, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. रात्रीचा दादा आणि सकाळची ताई यांच्यात जी माहिती गळते, ती अशी गळणार नाही. लाली दिसली तर तिच्या कडेनं पेनानं रेघ ओढून वेळ लिहा. चार तासांनी लाली रेघेबाहेर गेली की नाही, हे वाद न घालता कळतं.

दाह झालाच तर

पहिला उपचार एकच: ती नळी काढणं. मलम लावून तीच नळी चालू ठेवणं म्हणजे खडा तसाच ठेवून बुटाला पॉलिश. नवी नळी शक्यतो दुसऱ्या हातावर घालतात. हात उशीवर उंच ठेवला की सूज उतरते. कोमट शेकानं बरं वाटतं, पण शेक सिस्टरला विचारूनच. औषध बाहेर झिरपलेलं असेल, तर काही औषधांना गार शेक लागतो, काहींना गरम, आणि चुकीच्या शेकानं नुकसान वाढतं. डॉक्टर दुखणं-सूज कमी करणारी गोळी देतात. हेपॅरिनचं मलम किंवा मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनची पट्टी आपल्याकडे सर्रास लावतात. यांतलं नक्की काय किती उपयोगी, याचा पुरावा २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याला अपुरा वाटला होता. पू असेल किंवा ताप असेल, तर रक्ताची तपासणी आणि प्रतिजैविकं लागतात.

आपल्या घरात मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप ठरलेला. इथं मात्र तो नको. त्वचेला भोक पडलेलं आहे, आणि लेपाखाली लाली झाकली जाते. चोळणं, मालीश करणंही नको, आत गुठळी असू शकते.

नळी काढली म्हणून लक्ष काढायचं नाही. कधीकधी दाह नळी काढल्यावर ४८ तासांपर्यंत उमटतो, तोवर आपण डिस्चार्ज घेऊन घरी आलेलो असतो. शिरेचा कडकपणा काही आठवडे राहू शकतो, हळूहळू जातो. पण थंडी वाजून ताप, जागेतून पू, वर चढणारी लाली किंवा सगळा हात सुजणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायातली गुठळी वेगळी

हाताच्या वरवरच्या शिरेचा दाह त्रासदायक असतो, पण बहुतेकदा आटोक्यात राहतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायातल्या खोल शिरेत गुठळी होणं हे प्रकरण वेगळं. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जीव जाऊ शकतो. रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा, रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती, अशी तीन कारणं यामागे असतात. एकच पोटरी सुजणं, दुखणं, एकाएकी धाप लागणं किंवा छातीत कळ येणं, या खुणा कळताच हाक मारा. पोटात टोचतात ती छोटी इंजेक्शनं, पायातले घट्ट मोजे आणि ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी चालवण्याचा आग्रह हे सगळं यासाठी असतं. ‘इतक्या लवकर कशाला उठवता’ असं म्हणून आईला झोपवून ठेवू नका.

नळी हवीच आहे का?

शेवटचा मुद्दा सर्वात सोपा. जी नळी घातलीच नाही, तिचा दाह होत नाही. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून टाका, ताकद येईल’ हे आपण डॉक्टरांना स्वतःहून सांगतो. हिशेब करून बघू. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा लहान चमचे. जेमतेम एका पोळीइतकी ऊर्जा. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ऊर्जा शून्य. उलट्या थांबत नसतील, तोंडानं काही जात नसेल, रक्तदाब उतरला असेल, तर सलाईन जीव वाचवतं. गिळता येतंय, जेवण जातंय, अशा माणसाला मात्र भाताची पेज आणि लिंबू सरबत त्याहून जास्त देतात.

दाखल रुग्णाच्या बाबतीत रोज सकाळच्या राउंडला एक प्रश्न नम्रपणे विचारा: “डॉक्टर, नळी आज लागणार आहे का? औषध गोळीतून देता येईल का?” चोवीस तासांत वापरली न गेलेली नळी बहुधा उगाचच राहिलेली असते. उपचार दोन-तीन आठवडे चालणार असतील, तर लांब नळीचा पर्याय पहिल्याच दिवशी विचारा, हाताच्या सगळ्या शिरा संपल्यावर नाही. डायलिसिसचा फिस्तुला असलेल्या हाताला टोचू द्यायचं नाही आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनच्या बाजूचा हातही शक्यतो टाळायचा, हे प्रत्येक नव्या सिस्टरला आपणहून सांगा.

गणपतीनंतर आपल्या मंडळात ज्येष्ठांची भेट असते. तिथं हा लेख वाचून दाखवलात तर आनंद वाटेल, आणि वाचताना त्यांचे दुखण्याचे शब्दही विचारून घ्या. माझ्या यादीत नसलेले चार-पाच नक्की निघतील. मला कळवा, यादी वाढवू. पुढच्या महिन्यात भेटूच.